शेवट ठरलेला, कामंही ठरलेली: मराठी रोमँटिक कॉमेडीतली 'ती' आणि 'तो'

(मुळशी तालुक्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



मागे दाराशी उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. नाही? बरं. प्रेमाचा विषय म्हटला की आपल्याकडे पोरं दाराशीच उभी राहतात. (हशा)

सुरुवातीला एक खुलासा करतो. आज बोलताना आम्ही 'मी' म्हणणार नाही, 'आम्ही' म्हणणार आहोत. त्यात मोठेपणा काही नाही. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून मराठी सिनेमा बघणारे आम्ही सात-आठ जण आहोत. दोन शिक्षक आहेत, एक नर्सबाई आहेत, दुधाचा धंदा करणारे एक काका आहेत, हिंजवडीला नोकरीला जाणाऱ्या दोघी आहेत. सिनेमा बघायचा, चहा प्यायचा आणि मग भांडायचं, असा आमचा कार्यक्रम असतो. गेलं वर्षभर आम्ही ठरवून रोमँटिक कॉमेडी बघितल्या. आज जे सांगणार आहोत ते त्या भांडणांतून आलंय. सगळ्यांचं सगळं पटलंय असं नाही, पण बोलायला एकाला उभं केलंय.

सिनेमाकडे जाण्याआधी आपल्याच रस्त्यावरची एक गोष्ट सांगतो.

पावसाळा सरला की सुट्टीच्या दिवशी ताम्हिणीच्या रस्त्यानं जाऊन बघा. दर वळणाला एक जोडपं सापडतं. तिच्या अंगात लांब घोळदार गाऊन, तो घोळ वाऱ्यावर उडवायला मागे एक पोरगा, डोक्यावर ड्रोन. प्री-वेडिंग शूट. मुळशीच्या धरणाचं पाणी आता किती जणांच्या लग्नाच्या फितीत आहे, मोजदाद नाही. आमच्यातल्या एकीचं लग्न ठरलं आणि तिचंही शूट झालं. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, तुम्ही पळत या. मध्येच मागे वळून बघा. जरा लाजा. सर, तुम्ही फक्त खिशात हात घालून थांबा." तिनं विचारलं, "सर का पळत नाहीत?" तो म्हणाला, "मॅडम, तसं चांगलं दिसत नाही." (हशा)

मग चार मिनिटांची फीत तयार झाली. त्यात दोघं एका वाचनालयात एकमेकांवर आदळतात, तिची पुस्तकं पडतात, तो उचलून देतो, नजरानजर होते. गाणं सुरू.

खरं काय झालं होतं? दोघं तिच्या घरी भेटले, पोह्यांच्या ताटल्या समोर ठेवून, मध्ये आई-वडील, मामा, मावशी. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "माझी शिफ्ट पहाटे सुरू होते. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. तुमच्या गावातून हिंजवडीला कसं जमवायचं?" मुलगा म्हणाला, "आत्ता सांगता येत नाही. बघतो आणि कळवतो." मामांना वाटलं, टाळलं. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. त्यानं पीएमपीच्या गाड्यांच्या वेळा कागदावर उतरवल्या होत्या. म्हणाला, "पहाटेच्या शिफ्टला पोचेल अशी गाडी नाही. रोज मी सोडीन म्हणून सांगणार नाही, कारण ते जमणार नाही. तुम्ही स्कूटर शिकलात तर जमेल, आणि पावसाचे चार महिने आपल्याला दुसरी काहीतरी सोय लावावी लागेल." त्या फोनवर तिनं होकार दिला.

आम्ही तिला विचारलं, मग हे का नाही घेतलंत त्या फितीत? ती म्हणाली, "हे कोण बघणार? हे काय फिल्मी आहे का?"

आजचं सगळं व्याख्यान या उत्तराबद्दल आहे. दोन माणसांमध्ये खरोखर काहीतरी घडलं होतं. त्यात उत्कंठा होती, विनोद होता, थोडी भीतीही होती. तरी त्यांना स्वतःच्या प्रेमाची गोष्ट सांगताना दुसऱ्याचीच गोष्ट उसनी आणावीशी वाटली. ही उसनी गोष्ट येते कुठून, आणि तिच्यात नेहमी तीच का पळते?

आता 'साचा' म्हणजे काय हे मुळशीकरांना समजावून सांगायची गरज नाही. २०१८ साली प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' आला. जमिनी विकल्या, पैसा आला, पैसा गेला आणि शेतकऱ्याची पोरं गुन्हेगारीत ओढली गेली, हे त्या सिनेमानं तळमळीनं मांडलं. सिनेमाची तळमळ खरीच आहे. पण त्यानंतर पुण्यात कुठंही "आम्ही मुळशीचे" म्हटलं की समोरचा काय बघतो? गळ्यात साखळी आहे का, बाहेर काळी गाडी उभी आहे का. सिनेमानं एका माणसाचं दुःख सांगितलं आणि बघणाऱ्यांनी त्याचं सगळ्या तालुक्यासाठी ओळखपत्र करून टाकलं. इथं बसलेले शिक्षक, नर्स, भात लावणारे, सगळे त्या एका ओळखपत्रावर चालायला लागले. साच्यात सगळंच खोटं असतं असं नाही. पण त्याच्याबाहेर जे असतं ते कोणाला दिसेनासं होतं. आपल्याला हे तालुक्याच्या बाबतीत लगेच झोंबतं. मग सिनेमातल्या मुलीच्या बाबतीत "अहो, गंमत आहे" असं का म्हणतो आपण?

दुसरी गोष्ट, शेवट आधीच माहीत असण्याची. रोमँटिक कॉमेडीवर पहिला आरोप तोच होतो: शेवटी दोघं एकत्र येणार हे पोस्टरवरच कळतं. खरं सांगायचं तर आमची याला हरकत नाही. कीर्तनात आख्यान सुरू होतं तेव्हा समोरच्या आजींना गोष्ट बुवांपेक्षा जास्त पाठ असते. लग्नात मंगलाष्टकांचा शेवट कसा होणार हे कोणाला माहीत नसतं? तरी अक्षता हातात घेऊन आपण वाट बघतो. माहीत असलेल्या शेवटाकडे जाण्यात एक सुख असतं. संसाराच्या रगाड्यातून दोन तास काढून आलेल्या माणसाला ते सुख हवं असेल तर त्यात गैर काही नाही.

आमचं भांडण वेगळं आहे. शेवट ठरलेला असला तरी तिथवर जायचं काम कोणी करायचं, तेही ठरून गेलंय. म्हणून आम्ही प्रत्येक सिनेमा बघताना तीन प्रश्न विचारायला लागलो. शेवटापर्यंत पोचायला कोण बदलतं? कोण माफ करतं? आणि मुलगी 'नाही' म्हणते तेव्हा त्या 'नाही'चं पुढं काय होतं? बस, एवढंच. सोपे प्रश्न आहेत, घरी बघताना तुम्हीही विचारून बघा.

गंमत अशी, की आपल्या जुन्या विनोदात ही वाटणी इतकी एकतर्फी नव्हती. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ' घ्या. हे संगीत नाटक १९१६ साली रंगमंचावर आलं, मूळ बीज परदेशी नाटकाचं. त्यात फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो आणि कृत्तिका नवऱ्यावर. एक तसबीर इकडून तिकडे जाते आणि दोघंही सारखेच येडे ठरतात. वेडेपणा दोघांत निम्मा-निम्मा वाटलेला आहे. कोणी एक शहाणा आणि दुसरी खुळी असं नाही.

मग १९३८ चा 'ब्रह्मचारी'. हंस पिक्चर्सचा, मास्टर विनायकांनी केलेला, लेखन आचार्य अत्र्यांचं. नायक औदुंबर एक भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेतो. (म्हणून सांगतो, आजचं व्याख्यान ऐकून कोणी शपथा घेऊ नका.) तो आश्रमात जातो आणि तिथं किशोरी येते. मीनाक्षीबाईंचा पोहण्याच्या पोशाखातला प्रसंग तेव्हा फार गाजला, त्यावर टीकाही झाली, आणि आजही 'ब्रह्मचारी' म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं. पण आमचे तीन प्रश्न विचारा. बदलतो कोण? तो. हसू कोणावर आहे? त्याच्या पोकळ शपथेवर. पुढाकार कोणाचा? तिचा. कॅमेरा तिच्याकडे कसा बघतो हा वेगळा वाद, आणि तो घालायला हवा. पण गोष्टीचं इंजिन तिच्या हातात आहे, हे नाकारता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं सगळं मागास आणि आजचं सगळं पुढारलेलं, असा सरळ हिशेब इथं लागत नाही.

आता सगळ्यांच्या लाडक्या सिनेमाकडे येतो. 'अशी ही बनवाबनवी', १९८८, सचिन पिळगांवकर. आधी कबूल करतो: आम्ही हा सिनेमा पुन्हा बघताना इतके हसलो की प्रश्न विचारायचे राहून गेले, दुसऱ्या दिवशी परत बसावं लागलं. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या १९६६ च्या हिंदी सिनेमावरून घेतलेली गोष्ट, पण ती पुण्यात इतकी रुजली की आपलीच झाली. चार मित्रांना खोली मिळत नाही, घरमालकीणबाईंना जोडपीच हवीत, म्हणून दोघं लुगडं नेसतात. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे बायकांच्या वेषात जे करतात ते आजही शिळं होत नाही. आणि त्यात एक फार खरी गोष्ट आहे: शहरात खोलीसाठी वणवण करणाऱ्या मुलांची लाचारी. आपल्याकडची किती पोरं पुण्यात कॉट बेसिसवर राहिली असतील!

पण दुसरा प्रश्न विचारा: माफ कोण करतं? खोटं पोरांनी सगळ्यांना सांगितलंय, प्रेम जिच्यावर आहे तिलाही सांगितलंय. शेवटी भांडं फुटतं आणि सगळ्या बायका, वयस्क मालकीणबाईंपासून प्रेयसींपर्यंत, माफ करतात. तेही किती पटकन! आमच्या नर्सबाई म्हणाल्या, "समजा चार मुलींनी मिशा लावून एका म्हाताऱ्याला आणि चार मुलांना असं वर्षभर फसवलं असतं, तर शेवटच्या पाच मिनिटांत मिटलं असतं का?" खोलीत कोणी बोललं नाही. काका म्हणाले, "तो सिनेमा कॉमेडी राहिला नसता." बरोबर. म्हणजे तो सिनेमा हलका राहतो तो बायका लगेच माफ करतात म्हणून. विनोदाचा खर्च कोणी उचलला, तो पडद्यावर दिसत नाही.

२०१० चा 'मुंबई-पुणे-मुंबई' आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. दिग्दर्शक सतीश राजवाडे, मुक्ता बर्वे आणि स्वप्निल जोशी. मुंबईची मुलगी पुण्याला येते. कशाला? घरच्यांनी सुचवलेल्या मुलाला स्वतः नकार द्यायला. हे आपल्या सिनेमात नवीन होतं. कांदेपोह्यांची सगळी रचना मुलीनं घरात बसायचं आणि मुलानं यायचं अशी असते. इथं ती बाहेर पडली, एकटी आली, आणि बोलायला आली. मग वाटेत भेटलेल्या एका मुलासोबत दिवसभर पुण्यात फिरणं, मुंबई श्रेष्ठ की पुणे श्रेष्ठ यावर वाद. पूर्ण सिनेमा दोन माणसांच्या बोलण्यावर उभा आहे. मारामारी नाही, खलनायक नाही. दोघं बरोबरीनं बोलतात, बरोबरीनं चिडवतात. मराठीत असं फार कमी आहे.

आणि तरीही तिसरा प्रश्न अडतो. शेवटी तिला कळतं की ज्याला नकार द्यायला आलो तो मुलगा हाच. त्याला हे तिच्या आधी माहीत असतं. म्हणजे दिवसभर दोघं बरोबरीनं पत्ते खेळत होते खरे, पण एकाला दोघांचे पत्ते दिसत होते. मग तिच्या 'नाही'चं काय झालं? ते ती कधी म्हणूच शकली नाही. घरून निघताना ठरवलेलं एक वाक्य होतं, ते ऐकून घ्यायला समोर कोणी उभंच राहिलं नाही. आम्ही हे म्हटल्यावर आमच्यातले दोघं चिडले. "अहो, ती प्रेमात पडली ना?" पडली. आम्हालाही आनंद झाला. पण त्यानं मध्यावर सांगितलं असतं, "तो मी", आणि मग ती दुपार पुढं गेली असती, तर जास्त मोठं प्रेम झालं नसतं का? जास्त मोठा सिनेमाही झाला असता.

पुढचा प्रवास बघा. २०१५ च्या दुसऱ्या भागात लग्नाची तयारी, तिच्या मनातली चलबिचल, जुना मित्र. २०१८ च्या तिसऱ्या भागात मूल. नकार देण्यासाठी एकट्या निघालेल्या मुलीपासून सुरू झालेली गोष्ट तीन भागांत बोहल्यावर आणि मग पाळण्यापाशी येऊन थांबते. यातला एकेक भाग वेगळा घेतला तर तक्रार करण्यासारखं फार नाही. लग्न वाईट नाही, मूल तर नाहीच. पण तिन्ही एका ओळीत ठेवले की ठरलेपणा कुठं आहे ते दिसतं. तिच्या आयुष्याला पुढचा प्रश्न म्हणून याशिवाय काही सुचलंच नाही. तिच्या कामाचं, तिच्या शहराचं, तिच्या आई-वडिलांच्या म्हातारपणाचं एखादं कोडं घेऊन चौथा भाग कोणी काढेल का? आम्ही तिकीट काढू.

आता जरा टोचणारं. दाराशी उभ्या मंडळींनी ऐकावं. 'टाइमपास', रवी जाधव, जानेवारी २०१४. इथं प्रत्येकानं बघितलाय. दहावी नापास दगडू, घरात कोंडलेली प्राजक्ता. त्यात जातीचा आणि पैशाचा भेद आहे, बापाचा धाक आहे, दगडूच्या घरची ओढाताण आहे, आणि त्या वयाचं वेडं निरागसपणही आहे. दगडूवर आमचाही जीव आहे. पण गोष्टीची सुरुवात आठवा. प्रेम म्हणून नाही, टाइमपास म्हणून मुलगी पटवायचं ठरतं आणि मग तिच्या मागं लागणं सुरू होतं. मागं लागत राहिलं की शेवटी ती वळून बघते, हा आपल्या सिनेमाचा सगळ्यात जुना नियम. हिंदीत, दक्षिणेत, सगळीकडे तोच.

याच्या एक वर्ष आधी, २०१३ साली, भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं. बाईनं नाखुशी स्पष्ट दाखवल्यावरही वारंवार तिच्या मागं जाणं, संपर्क करत राहणं हा गुन्हा झाला. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. कायदा एक सांगतो आणि गाणं दुसरं सांगतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला दोन्हीपैकी काय पाठ असणार? आमच्यातले शिक्षक म्हणाले, "वर्गात मुलीनं तक्रार केली की मुलगा रडकुंडीला येऊन म्हणतो, सर, मी त्रास नव्हतो देत, मी तर प्रेम करत होतो. आणि तो खोटं बोलत नसतो. त्याला फरकच कोणी शिकवलेला नसतो." या वाक्यानं आम्ही गप्प झालो. साच्यात मुलगी अडकते हे आपण म्हणतो. मुलगाही अडकतो. त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते: 'नाही' म्हणजे पहिली पायरी.

याच तालुक्यात उभं राहून हे बोलताना एक आठवण काढायला हवी. जोडपी ज्या पाण्यासमोर फोटो काढतात, त्या धरणाला विरोध म्हणून १९२१ च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचं नाव आपण घेतो. पण त्या सत्याग्रहात इथल्या बायकाही होत्या. घरदार बुडवणाऱ्या कंपनीला तोंडावर 'नाही' म्हणणाऱ्या बायका. ते 'नाही' लाजून, मान वळवून म्हटलेलं नव्हतं. मुळशीच्या बाईच्या नकाराला असा इतिहास आहे, आणि त्याच काठावर आज फोटोग्राफर सांगतो, मॅडम, जरा लाजा.

साचा मोडणारे सिनेमे नाहीत का? आहेत. 'सैराट' (२०१६) ही रोमँटिक कॉमेडी नाही, हे मान्य. पण त्याचा पूर्वार्ध जवळपास तसाच आहे: गाणी, मित्रांची मस्करी, विहीर, कॉलेज. नागराज मंजुळेंनी तिथं नजर उलटी केली. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि परश्याकडे अशी रोखून बघते की मान त्याची खाली जाते. मुलींनी थिएटरात शिट्ट्या वाजवल्या त्या उगाच नाही. पण उत्तरार्धात हैदराबादला तोच परश्या संशयावरून तिच्यावर हात टाकतो. आम्हाला तो प्रसंग शेवटच्या रक्ताइतकाच महत्त्वाचा वाटतो. प्रेमात पळून जाणं सोपं, पण 'ती माझी' हा साचा बरोबर गाठोड्यात बांधून आलेला असतो. जिथं इतर सिनेमे 'समाप्त' दाखवतात, तिथून पुढं काय होतं ते या सिनेमानं दाखवलं.

'मुरांबा' (२०१७, वरुण नार्वेकर) त्यामानानं हलका, घरगुती. आलोक आणि इंदूचं फिस्कटलंय, आणि कोणाचं चुकलं हे शोधता शोधता आई-वडील मुलापर्यंत येतात. त्याच्या मनातली कमीपणाची भावना, त्यानं स्वतःकडेच न बघणं, हे बाहेर येतं. पहिला प्रश्न, बदलायचं कोणी? त्यानं. आणि सिनेमा तरीही गोड राहतो, मारझोड नाही की भाषणबाजी नाही. म्हणजे जमतं! साचा मोडला की मजा जाते असं ज्यांना वाटतं त्यांनी 'मुरांबा' बघावा.

आणि 'स्थळ'. जयंत सोमलकरांचा सिनेमा, २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅक पुरस्कार, २०२५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित. चंद्रपूर जिल्ह्यातलं कापूस पिकवणारं गाव, गावातलीच माणसं पडद्यावर. सविताला बघायला पाहुणे येतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड काय. पाहुणे जातात. दुसरे येतात. तेच पाट, तेच चहा-पोहे, तेच प्रश्न. सुरुवातीलाच सविताला स्वप्न पडतं, त्यात मुलगा मध्ये बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारताहेत. सगळं थिएटर हसतं. प्रश्न नेहमीचेच असतात, फक्त बसलेला माणूस बदललेला असतो. मग आपण हसतो कशाला?

आमच्या मते ठरलेपणाचा याहून चांगला उपयोग मराठीत झालेला नाही. इतर सिनेमांत तोच प्रसंग परत आला की आपण म्हणतो, लेखकाला सुचत नाही. इथं तोच प्रसंग परत येतो तेव्हा कळतं की हे सविताच्या आयुष्यात परत येतंय. आपल्याला दोन तासांत कंटाळा आला, तिला तर यात वर्षं काढायची आहेत.

मुलांची बाजू राहते, ती सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न झालेल्या तरुणांनी नवरदेवाच्या वेषात कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला. फेटे, बाशिंगं, घोडे. बातम्यांत लोक हसले. पण त्यांची मागणी काय होती? गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा. मुलीच जन्मू दिल्या नाहीत तर आमची लग्नं कशी होणार, असं ते म्हणत होते. त्या पोरांना कारण बरोबर कळलेलं होतं. शेतीत राहिलेल्या मुलाला मुलगी मिळत नाही यावर २०२४ मध्ये 'नवरदेव बीएस्सी ॲग्री' हा सिनेमाही आला. आपल्या तालुक्यात हे घरोघरी आहे. मात्र आपल्या बहुतेक प्रेमकथांत नायकाला कोणी विचारत नाही, तुझं काय चाललंय, तुला कसली भीती वाटते. त्याला खिशात हात घालून उभं केलं की झालं.

आमचे दूधवाले काका दर वेळी एक आक्षेप घेतात, तो प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणतात, "पहाटे चारला उठणारा माणूस मी. रात्री हसायला सिनेमा लावतो. तिथंही परीक्षा घेता का?" काका, परीक्षा नको. हसाच. आम्हीही हसतो. आमचं म्हणणं इतकंच, की हसून झाल्यावर घरी येताना गोष्टीतलं काय बरोबर आणलं ते एकदा पिशवी उघडून बघावं. सिनेमा बघून कोणी बिघडत नाही, हे खरं. पण आपल्या आयुष्यातलं कुठलं सांगण्यासारखं आणि कुठलं नाही, हे आपण नकळत सिनेमाकडूनच शिकतो. म्हणून वाचनालयातली टक्कर सांगण्यासारखी होते आणि बसचं वेळापत्रक लपवण्यासारखं.

त्या मुलानं काय केलं होतं, पुन्हा आठवा. तिनं प्रश्न विचारला तो त्यानं ऐकला. लगेच गोड उत्तर दिलं नाही. जाऊन चौकशी केली. जे जमणार नाही ते स्पष्ट सांगितलं. आणि निर्णय तिच्यावर सोपवून फोन ठेवला. यात पळापळ नाही, पण त्या तीन दिवसांत ती किती वेळा फोनकडे बघत असेल! कोणी चांगला लेखक मिळाला तर यावर अख्खा सिनेमा होईल, आणि विनोदही भरपूर निघेल. मामा एकटेच पुरेसे आहेत. (हशा)

आमचं बोलणं संपलं. प्रश्न असतील तर विचारा.

(प्रश्न, दाराजवळून: सर, मग मुलीला सांगायचं तरी कसं? मागं लागायचं नाही, तर तिला कळणार कसं?)

हा खरा प्रश्न आहे, हसू नका कोणी. एकदा सांगायचं. सरळ, साध्या शब्दांत, चार मित्र बरोबर न घेता. ती जे उत्तर देईल ते ऐकायचं. 'नाही' आलं तर वाईट वाटेल, रडू येईल, मित्राकडे जाऊन रडायचं. परत विचारायला जायचं नाही.

(प्रश्न, एक बाई: माझ्या मुलीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. शूट ठरलंय. रद्द करू का?)

अहो, नको, मुळीच नको! हौस आहे, करा. फक्त फोटोग्राफरला सांगा, एकदा जावयांनाही पळवा म्हणून. आणि दोघांना विचारा, तुमचं खरंच कधी जमलं, कुठल्या गोष्टीवर जमलं. तेही थोडं घ्या त्या फितीत. वीस वर्षांनी लेकरं बघतील तेव्हा त्यांना तेवढंच बघावंसं वाटेल.